वही-पेन वाटून झालं, आता दाखल्याचं बोला



गेल्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या देवळ्याच्या ग्रुपवर एका पोरानं सुदानच्या निर्वासित मुलांचा व्हिडिओ टाकला. चाड देशाच्या सीमेवरची छावणी, काठ्या आणि ताडपत्रीचा आडोसा, वाळूत बसलेली पन्नास-साठ मुलं आणि समोर एक तरुण मास्तर, जो स्वतःही निर्वासितच. पुस्तकं नाहीत, बाकं नाहीत. तो म्हणतोय आणि मुलं मागून म्हणतायत. अर्ध्या तासात ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, निधी गोळा करू. कुणी लिहिलं, डीजेचे दोन टॉप कमी करू आणि ते पैसे पाठवू.

मी लिहिलं, "जरूर पाठवा. पण रविवारी सकाळी माझ्यासोबत गिरणेच्या काठाला चला. दोन तास काढा."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकानं विचारलं, "तिथं काय आहे, ताई?"

तिथं काय आहे हे मी त्याच ग्रुपवर डिसेंबरपासून चार वेळा फोटो टाकून सांगितलं होतं. अंगठे आले होते. त्यामुळे आता फोटो न टाकता लिहायचं ठरवलं. आणि जे लिहिणार आहे ते सरकारबद्दल जेवढं आहे तेवढंच आपल्याबद्दलही आहे, हे आधीच सांगते.

सुदानबद्दल कळवळा वाटला यात काही चूक नाही, उलट बरं वाटलं. १५ एप्रिल २०२३ ला तिथं लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटलं आणि एक कोटीहून जास्त माणसं घरादारातून उठली. दारफूरमध्ये तर मसालीत समाजाच्या माणसांना त्यांची जमात विचारून मारलं गेलं. जे वाचले ते सीमा ओलांडून चाडमधल्या आद्रे गावाकडे पळाले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना हे दुसऱ्याचं दुःख वाटूच शकत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. जगाकडे बघायची सवय आपल्याला आहे. प्रश्न एवढाच की, आद्रेपर्यंत पोहोचणारी नजर लोहोणेरच्या पुलाखाली का उतरत नाही?

आता तिथं काय आहे ते.

दिवाळी झाली की सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगरपट्ट्यातून माणसं खाली उतरतात. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी. पावसाळ्यात घरची नागली-वरई, भात निघालं की डोंगरात काम उरत नाही. काही कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, काही वीटभट्टीवर, आणि आमच्याकडे येतात ती मुख्यतः कांद्याला. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. पूर्वी विठेवाडीचा वसाका जोरात चालायचा तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्याही पडायच्या. कारखाना कधी चालू कधी बंद झाला, पण कांदा बंद होत नाही. उमराण्याच्या बाजारात ट्रॅक्टरची जी रांग लागते, त्यातला प्रत्येक कांदा कुणीतरी वाकून लावलेला आणि वाकून काढलेला असतो.

लागवडीचं काम बहुतेक एकरावर ठरतं. रोजावर नाही. म्हणजे जेवढे हात जास्त तेवढं एकर लवकर उरकतं. मग आठ वर्षांच्या मुलाला कुणी 'कामाला लावत' नाही, तो फक्त रोपांच्या जुड्या वाफ्यापर्यंत नेऊन देतो. दहा वर्षांची मुलगीही 'कामाला' नसते, ती फक्त बांधावर धाकट्याला घेऊन बसते, पाणी आणते, दुपारी चूल पेटवते. शेतकऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की माझ्या शेतात बालमजूर नाही. आणि त्याच्या हिशेबात तो खोटं बोलत नसतो. मजुरी आईबापाच्याच हातात पडते. मुलाच्या श्रमाचं कुठंच नाव नाही.

आणि हे सगळं होतं शाळेच्या ऐन दुसऱ्या सत्रात. शिमग्याला ही माणसं घरी जातात, कारण आदिवासी माणूस होळी चुकवत नाही, आणि काही जण काढणीला परत येतात. मूल जूनला गावच्या शाळेत बसतं, नोव्हेंबरात उठतं, मार्चमध्ये चार दिवस परत दिसतं आणि एप्रिलमध्ये पुन्हा गायब. पण गावच्या पटावर ते बारा महिने हजर असतं. कसं, ते पुढे सांगते.

डिसेंबरात आम्ही तिघांनी गिरणेकाठच्या खोपटांजवळ संध्याकाळचा वर्ग सुरू केला. मी, एक आशाताई आणि एक डी.एड. होऊन सहा वर्षं घरी बसलेला पोरगा. वीस-बावीस मुलं यायची. सौर दिवा आणला, पाट्या आणल्या, गाणी घेतली, कोकणा बोलीतले शब्द त्यांच्याकडून शिकलो आणि त्यांना मराठी अक्षरं दिली. आम्हाला फार छान वाटत होतं. आईबाप कामावरून आले की दूर बसून बघायचे. एका आजीनं तर आम्हाला नागलीची भाकरी बांधून दिली. समाजकार्यात माणसाला जे समाधान हवं असतं ते सगळं मिळत होतं.

जानेवारीच्या शेवटी मी जवळच्या एका शाळेत गेले. शाळेचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या शाळेचा नाही. मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, खोपटांवर एवढी मुलं आहेत, वर्गात बसवून घ्या."

ते अगदी आपुलकीनं म्हणाले, "ताई, तुमचा वर्ग चालू आहे ना तिथं? फार चांगलं काम करताय. आता कशाला त्यांना हलवायचं, महिन्या-दोन महिन्यांत जातीलच."

मी बाहेर आले आणि गाडीवर बसून राहिले. दोन महिने आम्ही काय करत होतो? मुलांना शिकवत होतो आणि शाळेला सुटका देत होतो. आमचा सौर दिवा हेच मुलांना शाळेत न घेण्याचं कारण झालं होतं. दिवसभर मूल शेतात, संध्याकाळी दमून आमच्याकडे, आणि व्यवस्था निवांत. आम्ही त्या मुलांचा दिवस कांद्याला देऊन टाकला होता आणि उरलेली दीड तासाची संध्याकाळ स्वतःकडे ठेवली होती.

तुमच्यापैकी जे जे कुठं ना कुठं 'मोफत वर्ग' चालवतात, त्यांनी हे स्वतःला विचारावं. तुमचा वर्ग शाळेच्या दारापर्यंत नेणारी वाट आहे की शाळेच्या दाराला लावलेलं कुलूप?

आता कायदा बघू, कारण आपल्या पोरांना संविधानाची प्रस्तावना तोंडपाठ असते पण शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम माहीत नसतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं कलम २१-क आलं, २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात कलम ५ सांगतं की मुलाला कोणत्याही कारणानं एका शाळेतून दुसरीकडे जावं लागलं तर आधीच्या मुख्याध्यापकानं लगेच दाखला द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. दाखला अडकवणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे कारवाईची तरतूद त्याच कलमात आहे. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारायचं नाही. कलम १५ म्हणतं, वर्ष अर्धं उलटलं म्हणून नाकारायचं नाही. कलम ४ म्हणतं, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणानं भरून काढायचा. आणि कलम ९ मध्ये तर स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश हे शब्द घालून लिहिलेलं आहे. म्हणजे त्या मुलांना शोधून शाळेत बसवणं हे माझं पुण्यकर्म नाही. ते जिल्हा परिषदेचं काम आहे आणि त्यासाठी पगार मिळतो.

आधारकार्डाचं तुणतुणं वाजवतात त्यांनाही सांगा. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही.

मग एवढं सगळं असून मूल बाहेर का राहतं? इथं मुख्याध्यापकाला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याच सरांनी संगणक उघडून मला दाखवलं. मुलाचं नाव पोर्टलवर त्याच्या गावच्या शाळेत आहे. ती शाळा ऑनलाइन सोडत नाही तोवर इथं चढत नाही. चढलं नाही तर ते मूल पटावर नाही, पटावर नाही तर त्याच्या वाट्याचा पोषण आहाराचा तांदूळ नाही, पुस्तकांचा संच नाही. आणि गावची शाळा का सोडत नाही? कारण पटावर शिक्षकांची पदं ठरतात. संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर होते. डोंगरातल्या शाळेत आधीच पंधरा-सतरा मुलं, त्यातली सहा सोडली तर शिक्षकच उडतो, उद्या शाळाच उडते. म्हणून गावचे गुरुजी स्थलांतरित मुलाला पटावर धरून ठेवतात. त्यात त्यांची नोकरी आहे आणि उरलेल्या मुलांची शाळाही आहे. म्हणून ते मूल कागदावर सुरगाण्यात हजर असतं आणि प्रत्यक्षात देवळ्याच्या बांधावर.

हा कुणा एकाचा दुष्टपणा नाही. हा हिशेब आहे, आणि तो मंत्रालयात बसून केलेला आहे. एकीकडे २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' म्हणून शाळाबाह्य मुलं शोधायची मोहीम काढायची आणि दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी मागवायची, २०२३ मध्ये समूह शाळांचा निर्णय काढायचा. आपल्याच जिल्ह्यात काय झालं आठवा. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची माणसं भाम धरणात आधीच विस्थापित झालेली. त्यांच्या वस्तीची शाळा बंद करायला निघाले तेव्हा तिथली पोरं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली, दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या म्हणत. त्याच वर्षी त्याच तालुक्यातल्या उभाड्याच्या कातकरी वस्तीतली मुलं थोड्याशा पैशांच्या आणि मेंढराच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेही एका चिमुरडीचा जीव गेल्यावर. यातल्या कुठल्या पोरांसाठी आपण नाशिकच्या रस्त्यावर उतरलो होतो? काळारामाच्या दारात १९३० मध्ये ज्या शहरात आपली माणसं उभी राहिली, त्याच शहरात ही पोरं बकऱ्या घेऊन आली होती.

काही जण म्हणतील, आईबापाचंच चुकतं, मुलाला गावी आजीकडे ठेवावं. हंगामी वसतिगृहाची सोय आहेच की. आहे, कागदावर चांगली आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. पण ऊसतोडीला निदान कारखाना आहे, मुकादम आहे, नोंद आहे, संघटना आहे. कांदालागवडीच्या मजुराची नोंद कुठं आहे? पिकअपमध्ये बसून आला आणि पिकअपमध्ये बसून गेला. आणि आईबापाला दोष देणाऱ्यांनी एकदा सहा महिन्यांसाठी आपली सात वर्षांची पोरगी सत्तर वर्षांच्या, डोळ्यांनी अधू आजीकडे, दार नसलेल्या घरात ठेवून दाखवावी. मग बोलू.

आता जरा मागे जाऊ, कारण ही गोष्ट आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचा गाभा काय होता? सरकारच्या तिजोरीत पैसा येतो राबणाऱ्या रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ज्या माणसानं १८४८ मध्ये स्वतः शाळा काढली, स्वतःच्या बायकोला शिकवून शिक्षिका केलं, तो माणूस चौतीस वर्षांनी सरकारला असं म्हणत नाही की आम्ही शाळा चालवतो, तुम्ही देणग्या द्या. तो हिशेब मागतो. शाळा काढणं आणि हिशेब मागणं ही दोन कामं त्यानं वेगळी केली नाहीत.

बाबासाहेब १२ मार्च १९२७ ला मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी मांडलेला मुद्दा आजही कांद्याच्या बांधावर लागू पडतो. शाळेत शंभर मुलं शिरतात त्यातली फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, मग त्यांच्यावर केलेला खर्च कुठं गेला, असं ते विचारत होते. म्हणजे प्रवेशाचा आकडा दाखवू नका, टिकलेली मुलं दाखवा. त्याच्या आठवडाभरानंतर महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. आपण तळं साजरं करतो आणि अनुदानावरचं भाषण विसरतो. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं, कारण त्यांना माहीत होतं की शाळा लांब असेल आणि राहायला जागा नसेल तर हक्क नुसता कागदावर राहतो. गाव बदलणाऱ्या मुलाचा प्रश्न त्यांनी ओळखला होता.

स्वयंसेवेच्या कामाला मी तुच्छ लेखत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुलं गुरं राखतात तर शाळाच कुरणात नेली. विधायक संसदेनं ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा झाल्या, त्या संस्थांनी रेटल्या म्हणून झाल्या. जिल्हा परिषदेचे काही शिक्षक बालरक्षक म्हणून स्वतःच्या खिशातलं पेट्रोल जाळून मुलं शोधतात, त्यातले काही मला माहीत आहेत, त्यांना सलाम. या कामांनी एक गोष्ट सिद्ध केली की ही मुलं शिकू शकतात. ते सिद्ध करून झालं आहे. दर पिढीनं ते पुन्हा शून्यापासून सिद्ध करत बसायची गरज नाही.

स्वयंसेवेचा धागा किती कच्चा असतो तेही सुदानच्या माणसांनीच दाखवून दिलं आहे. इजिप्तमध्ये पळून गेलेल्या सुदानी शिक्षकांनी कैरोत भाड्याच्या खोल्यांत आपल्या मुलांसाठी शाळा उघडल्या. २०२४ मध्ये परवान्याचं कारण सांगून तिथल्या सरकारनं त्यातल्या कितीतरी बंद केल्या. मुलं पुन्हा घरी. वास्तविक १९५१ च्या निर्वासित करारात लिहिलेलं आहे की प्राथमिक शिक्षणात निर्वासिताला देशाच्या नागरिकासारखंच वागवायचं. तरी ही गत. आणि आमची मुलं? त्यांनी कुठलीही सीमा ओलांडलेली नाही. सुरगाणा ते देवळा एकाच जिल्ह्यात आहे, एकाच जिल्हा परिषदेखाली आहे, शिक्षणाधिकारीसुद्धा एकच आहे. ती नागरिकच आहेत. सुदानी मुलाला निदान निर्वासित हे नाव तरी आहे. आमच्या मुलाला गावात म्हणतात, 'मजुरांची पोरं'. एवढंच.

आता आपल्या घरातलं बोलते, राग आला तर येऊ द्या.

त्या रविवारी ग्रुपमधले चार जण आले. तेवढ्यानंही बरं वाटलं. परत येताना त्यातला एक, चांगला वाचणारा, एम.ए. करणारा पोरगा म्हणाला, "ताई, हे आदिवासी आहेत. त्यांच्या संघटना आहेत, आदिवासी विकास विभाग आहे, आश्रमशाळा आहेत. आपली शक्ती आधीच कमी. आपण आपल्या समाजाचं बघावं."

मी त्याला तिथंच उत्तर दिलं नाही, आता देते. 'आपला समाज' हा शब्द आपण कुठून आणला? बाबासाहेबांनी राज्यघटनेत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती शेजारी शेजारी लिहिल्या. दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातले. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी लढवले तेव्हा तुरुंगात गेलेल्यांत फक्त बौद्ध नव्हते. भूमिहीन हीच त्यांची जात होती. आज 'आपला समाज' म्हणजे आपल्या विहाराची वर्गणी देणारी पन्नास घरं, एवढाच उरला असेल तर आपणही जातच झालो, धम्म राहिला नाही. आणि दुसरं, थोडं बोचणारं. आपल्यातल्याच ज्यांची दोन-चार एकर जमीन आहे, त्यांच्याही शेतात कांदा लावायला हीच माणसं येतात. आपल्या बांधावर जुड्या वाहणारं मूल आपण कुणाचं म्हणायचं?

'एक वही, एक पेन' ही मोहीम मला मनापासून आवडते. हार-फुलांऐवजी वह्या घेऊन चैत्यभूमीला जाणं ही आपल्या लोकांनी स्वतः शोधलेली सुंदर गोष्ट आहे. पण गेल्या जयंतीला आपण खोपटांवर जाऊन वह्या वाटल्या, फोटो काढले, त्या वह्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे. चुलीला कागद म्हणून गेल्या नाहीत, असं म्हणून कुणी आनंद मानू नये. पहिल्या पानावर नाव लिहिलं होतं, तेही आम्हीच लिहून दिलेलं, बाकी कोऱ्या. कारण ज्या मुलाचं नाव कुठल्याच हजेरीत नाही त्यानं वहीत काय उतरवायचं? वही देऊन आपण मोकळे झालो. दाखला मागायला तीन चकरा माराव्या लागतात, पोर्टलचा स्क्रीनशॉट काढावा लागतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसावं लागतं. त्याचा फोटो चांगला येत नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं नाही.

फेब्रुवारीत एका मुलीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांची, धाकटा भाऊ सतत कडेवर. तिच्या वडिलांकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, त्यात कलम ५, ९, १४ आणि १५ चा उल्लेख केला, दोन प्रती काढल्या आणि एका प्रतीवर पोहोच घेतली. पोहोच हा शब्द जाड अक्षरात वाचा. तोंडी नकार सगळे देतात, लेखी नकार कुणी देत नाही. मग तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर मिळवला. ते आधी कचरले. मी म्हटलं, "सर, कायमचं सोडू नका, पण शिक्षण हमी कार्ड तरी भरून द्या, होळीनंतर ती परत तुमच्याकडेच येणार आहे, मी स्वतः फोन करून कळवेन." त्यांनी कार्डाचा फोटो पाठवला. इथल्या सरांनी पोर्टलची वाट न बघता तिला वर्गात बसवलं आणि जेवण दिलं. सरांना शिक्षा नको होती, त्यांना कुणीतरी कागद हातात द्यायला हवा होता. धाकट्याला अंगणवाडीत बसवायची व्यवस्था आशाताईंनी केली, नाहीतर ती पोरगी चार दिवसांत परत बांधावर गेली असती. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न पुष्कळदा तिच्या कडेवरच्या भावाचा प्रश्न असतो, हे एम.ए.च्या पुस्तकात मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्यामागून सात मुलं बसली. सगळी नाहीत. तीन जणांच्या आईबापांनी नको म्हटलं, लागवड अर्धी राहिली होती आणि अंगावर उचल घेतलेली होती. त्यांना मी दोष दिला नाही. उचलीचा प्रश्न शाळेच्या अर्जानं सुटत नाही, तो मजुरीच्या दराचा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळं भांडावं लागेल, तेही आपल्याच ओळखीच्या शेतकऱ्यांशी. संध्याकाळचा वर्ग आम्ही बंद केला नाही, पण त्याचा नियम बदलला. आता तो अभ्यासवर्ग आहे. सकाळी शाळेत गेलेल्यांचा अभ्यास घेतो. जो गेला नाही त्यालाही बसवतो, पण दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज घेऊन आमच्यातलं कुणीतरी शाळेत जातं.

ज्यांना खरंच काही करायचं आहे त्यांच्यासाठी कामं पुष्कळ आहेत आणि त्यांना पैसा फार लागत नाही. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नाहीतर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. कायद्याचं शिक्षण घेणारी आपली पोरं आहेत, त्यांनी एक तक्रार तरी लढवावी. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के पालक असतात, आपले भाऊबंद त्यात असतात आणि सह्या करून घरी येतात. त्यांनी एका बैठकीत एवढं विचारावं की आपल्या हद्दीत बाहेरून आलेली किती मुलं आहेत आणि ती कुठं बसतात. आणि जिल्हा परिषदेकडे एकच मागणी सगळ्यांनी मिळून लावावी. स्थलांतरित मुलाचं नाव मूळ गावी पटावर ठेवून, जिथं ते प्रत्यक्ष आहे तिथं हंगामी हजेरी, आहार आणि पुस्तकं द्या. त्यानं डोंगरातल्या शाळेचा शिक्षकही वाचतो आणि बांधावरचं मूलही. एका जिल्ह्यात एवढं जमत नसेल तर पोर्टल कशाला उघडलं?

आणि सुदानला पैसे? पाठवले आम्ही. डीजेचे दोन टॉप खरंच कमी झाले, पोरांनी शब्द पाळला. निम्मे तिकडे गेले, निम्म्यांतून इथल्या मुलांसाठी झेरॉक्स आणि गाडीचं पेट्रोल झालं. यावरही ग्रुपवर वाद झाला, तो अजून चालू आहे.

होळीला ती मुलगी गावी गेली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तिच्या गुरुजींना फोन केला. म्हणाले, चौथीत बसली आहे, वाचते बऱ्यापैकी. मग स्वतःहून म्हणाले, "दिवाळीनंतर हे लोक परत तुमच्याकडेच येणार ताई. यंदा चौदा मुलं आहेत. यादी करून ठेवतो, कार्डंही भरून ठेवतो. तुमच्याकडं उतरवून घ्यायला कुणी असेल ना?"

दिवाळी आता तोंडावर आली आहे. यादी माझ्याकडे आली आहे. लक्ष्मीपूजनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता विहारात बसू आणि चौदा अर्ज लिहू. ज्याचं अक्षर बरं आहे त्यानं पेन घेऊन यावं.